दक्षिणेकडची भिंत

१

शांभवीनं स्वतःच्या स्वयंपाकघराचा पंचनामा लिहायला घेतला तो समुपदेशक बाईंच्या सांगण्यावरून. यात हसण्यासारखं काही नाही. कोल्हापूरच्या जिल्हा न्यायालयात अठरा वर्षं आरोपींच्या बाजूनं खटले लढवलेल्या बाईला एखादी खोली बघायची दुसरी रीत येतच नाही.

त्याचं असं झालं. बार रूममध्ये मधल्या सुट्टीत व्याख्यान होतं, 'वकिलांचं मानसिक आरोग्य'. गर्दी बऱ्यापैकी होती, कारण शेवटी भजी होती. बाई तरुण होत्या, आवाज मऊ. म्हणाल्या, "छातीत धडधडलं, हात कापायला लागले, की जिथं आहात तिथं बसा आणि ती खोली लिहून काढा. एका बाजूनं सुरू करा. काय दिसतं, काय ऐकू येतं, तेवढंच. मत नको, अंदाज नको."

मागच्या बाकावरून उदयसिंह वकील गरजले, "म्हंजे पंचनामाच की ओ! आमचा हवालदार रोज लिवतोय, त्येचं मन कुठं शांत झालंय?"

सगळी बार रूम खिदळली. शांभवीही हसली. फक्त टेबलाखाली तिनं डावा हात उजव्या हातानं घट्ट धरून ठेवला होता. तो अकरा दिवस कापत होता. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं आणि सांगणारही नव्हती. वकिलाचा हात कापतो म्हटल्यावर पक्षकार दुसऱ्या दिवशी फाईल परत मागायला येतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला तिनं गॅसवर दूध ठेवलं आणि छाती आवळली. नवरा बसवेश, ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवणारा शांत माणूस, रंकाळ्यावर फिरायला गेला होता. तिनं एक दोनशे पानी वही ओढली, टेबलाशी बसली आणि सवयीनं वर लिहिलं, 'घटनास्थळ'. मग ते खोडून 'खोली' केलं. 'पश्चिमेस दरवाजा, त्यातून आत आले. समोर पूर्वेस ओटा, ओट्यावर खिडकी, बंद. उत्तरेस फ्रीज. दक्षिणेस कोरी भिंत, रंग फिकट पिवळा. आवाज: दूध तापल्याचा.'

शेवटच्या ओळीपर्यंत छाती सुटली होती. दूधही उतू गेलं नाही. बाईंना मनोमन नमस्कार करून तिनं वही मसाल्याच्या डब्यामागं ठेवली, आणि मग रोज सकाळी साडेसहाला ती लिहायला लागली.

२

बाराव्या दिवशी वही मिटता मिटता तिची नजर एका ओळीवर थांबली. 'उत्तरेस खिडकी. जाळी खालच्या कोपऱ्यात फाटलेली, निळ्या नायलॉन दोरीनं बांधलेली.'

उत्तरेला फ्रीज होता. फ्रीजमागं भिंत, भिंतीपलीकडं शेजाऱ्यांचा हॉल. नागाळा पार्कातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटला उत्तरेकडं खिडकीच नव्हती.

अक्षर तर तिचंच होतं. मग तिनं स्वतःलाच पिंजऱ्यात उभं केलं. काल किती पंचनामे वाचले? तीन. त्यात खिडक्या होत्या? असणारच. मग त्यातली एक डोक्यात राहिली असेल? असेल. संपलं. तिनं ओळीवर काट मारली आणि डब्यात पोळीभाजी भरून कोर्टात गेली.

दुसऱ्या दिवशी शेवटची ओळ होती, 'आवाज: नळाचा थेंब पातेल्यात पडतोय.' नळ दिवाळीत नवा बसवलेला. तिनं नळाच्या तोंडाखाली तळवा धरला, कोरडा राहिला. आणि ती तशीच हात धरून उभी असताना आवाज आला. टप्. बराच वेळ गेला. टप्. तो फ्रीजच्या मागून येत होता.

बसवेश फिरून आल्यावर तिनं त्याला फ्रीज ओढायला लावला. मागं जळमटं होती आणि कधीतरी घरंगळलेलं एक वाळकं लिंबू. "मला नाही बुवा काही ऐकू येत," तो म्हणाला आणि लिंबू केराच्या टोपलीत टाकलं.

तिसऱ्या दिवशीची ओळ मात्र तिनं दोनदा वाचली. 'ओट्याखाली पातेल्याजवळ एक मुलगी बसलेली, वय अंदाजे चार. जिवंत.' पंचनाम्यात जिवंत माणसं लिहीत नाहीत. अठरा वर्षांत हजारो पंचनामे वाचले, त्यात हा शब्द तिनं एकदाही पाहिला नव्हता. आणि तो लिहिताना पेन इतकं दाबलं होतं, की कागद फाटला होता.

३

आता हा हात कधीपासून कापत होता ते सांगायला हवं.

उचगावच्या कडेला राजवीर नावाच्या माणसाचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आणि त्याच्या मागं घर. बायको अनुजा. त्यानं तिला घराच्या बाहेरच्या खोलीत लोखंडी सळईनं मारून टाकलं, असा खटला. शवविच्छेदनाच्या अहवालात सतरा नंबरच्या रकान्यात जखमा लिहितात. अनुजाला तो रकाना पुरला नव्हता, डॉक्टरांनी जादा कागद जोडला होता. एका डोळ्याच्या जागी काय होतं ते फोटोत दिसत होतं. शांभवीनं ते फोटो एकदा बघितले आणि फाईलमध्ये पालथे घातले.

पंचनामा फोडावा तर शांभवी वकिलांनी, अशी तिची ख्याती होती. इथंही तिला फट सापडली. घराचं तोंड पश्चिमेला. हवालदार बाळासोंनी लिहिताना ते पूर्वेला धरलं, त्यामुळं कागदावर सगळ्या दिशा उलट्या झाल्या. रक्त उडालं होतं दक्षिणेच्या भिंतीवर, पंचनाम्यात ते उत्तरेला गेलं. तिनं बाळासोंना पिंजऱ्यात तीन तास सोललं.

"म्हणजे तुम्ही त्या घरात पाऊलच टाकलं नाहीत. पंचनामा ठाण्यात बसून आधीच लिहून ठेवलात."

"गेलतो मी, मॅडम. आईच्यान गेलतो."

तो गेला होता, हे तिला समजत होतं. त्याच्या डोळ्यांतच दिसत होतं, की त्यानं ती खोली बघितलीय. तरी तिनं पुढचा प्रश्न विचारला.

दुसरी साक्ष क्रांतीची. अनुजाची धाकटी बहीण, वय बावीस. त्या दिवशी ती त्याच घरात होती आणि पोलिसांना तिनं सगळं सांगितलं होतं. कोर्टात मात्र ती फितूर झाली. "मला कायबी ठावं न्हाय," एवढंच म्हणाली. का, तेही शांभवीला कळलं होतं. थोरल्या मंडळींनी बसून ठरवलं होतं, की अनुजाच्या लेकीला आई हवी, तेव्हा क्रांतीलाच राजवीरच्या घरात द्यायची. ज्याच्याशी लग्न लावायचं त्याला फासावर कोण चढवणार? शांभवीनं यातलं काही जुळवलं नव्हतं. तिनं फक्त त्याबद्दल कुणाला काही विचारलं नाही.

राजवीर सुटला. पुढच्या आठवड्यात भर दुपारी क्रांती तिच्या ऑफिसात आली. शांभवीचे म्हातारे कारकून पिराजीमामा तिला आत घेऊन आले. मुलगी खुर्चीत बसली नाही, खुर्चीची पाठ धरून उभी राहिली.

"मॅडम, तुमी सगळे कागद वाचलासा. फोटूबी बघितलासा. मी तिथं ऱ्हायला जाऊ का?"

"कोर्टानं त्याला निर्दोष सोडलंय, क्रांती."

"त्ये कोर्टानं. तुमी काय म्हंतासा?"

शांभवीनं टेबलावरचा पेपरवेट इकडचा तिकडं केला. "माझं वेगळं मत नसतं," ती म्हणाली.

क्रांतीनं मान हलवली आणि ती गेली. त्या संध्याकाळी शांभवीचा हात कापायला लागला.

४

वहीत आता रोज एक नवी ओळ येत होती. 'पोळपाट, दोन तुकडे.' 'फरशीवर केसांचा झुबका, मुळासकट.' 'दक्षिणेच्या भिंतीवर फरशीपासून दोन फुटांपर्यंत रक्त, ओलं.' 'त्याच भिंतीवर पाच बोटांचा ठसा, वरून खाली ओढलेला.' लिहिताना तिला काही समजत नसे. समोर स्वच्छ पिवळी भिंत असे, हात चालत असे, आणि काय लिहिलंय ते वाचतानाच कळत असे. वही कपाटात कोंडून बघितली. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच मजकूर भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाच्या चौकोनांमधून लिहिलेला सापडला.

तिनं वकिलासारखा विचार केला. हा पंचनामा आहे. पंचनामा म्हणजे इथं काहीतरी होणार. घरात माणसं दोन. एक मरणार असेल तर मारणारं कोण, हा प्रश्न उरतच नव्हता. तिला वेड लागायची भीती वाटत नव्हती, बसवेश मरायची वाटत होती. या माणसावर तिचा जीव होता, आणि तोच आपल्या हातून जाणार हे तिनं धरून ठेवलं.

तिनं घरातल्या सगळ्या सुऱ्या, विळी, किसणीसुद्धा वर्तमानपत्रात गुंडाळून पिराजीमामांच्या पिशवीत घातल्या.

"मॅडम, मग कांदा कशानं चिरतासा?" मामांनी विचारलं.

"बुक्कीनं फोडते," ती म्हणाली.

मग तिनं बसवेशला वही दाखवली. "अहो, तुम्ही थोडे दिवस गडहिंग्लजला तुमच्या घरी अव्वांकडं जाऊन राहा."

त्यानं सगळी पानं नीट वाचली, चष्मा पुसला, परत वाचली. "अगं, हे तुझे खटले आहेत. अठरा वर्षं तू दुसऱ्यांची रक्तं वाचतेस, ती साठणारच. उद्या डॉक्टरांकडं जाऊ. तुला असं टाकून मी कुठं जाऊ?" तिच्या पाठीवर त्यानं हात ठेवला, तेव्हा तिला ते सगळं खरं वाटलं. खरं वाटावं अशी तिची फार इच्छा होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लिहीत बसली होती. थेंब पडत होता. टप्. भिंतीमागून कुणीतरी भांडं सरकवलं. टप्. आणि मागून एक हात तिच्या खांद्यावर पडला.

सुऱ्या गेल्या होत्या, खलबत्ता राहिला होता. बत्ता तिच्या मुठीत कसा आला ते तिला आठवत नाही. ती वळली ती मारतच वळली. पहिला घाव कपाळावर बसला, कातडी उकलली. दुसरा त्यानं हातावर झेलला आणि मनगटात काहीतरी कटकन मोडलं. तिसरा कानाच्या वर. बसवेश "शांभवी, मी आहे, मी!" असं ओरडत फ्रीजवरून घसरत खाली बसला. पांढऱ्या दारावर त्याच्या रक्ताचा पंजा ओढला गेला. त्याचा चष्मा तिच्या टाचेखाली चुरडला.

ती बत्ता धरून उभी राहिली आणि बघायला लागली. फ्रीज. शिंतोडे फ्रीजवर, फरशीवर, छताला एक थेंब. मग तिनं मागं वळून दुसरी भिंत बघितली. पिवळी, कोरी.

"उत्तरेला आहे," ती म्हणाली. "अहो, हे उत्तरेला आहे. जुळत नाही." आणि ती हसायला लागली.

मार खाताना भीती वाटली नव्हती, असं बसवेशनं नंतर मनाच्या डॉक्टरांना सांगितलं. ती हसली तेव्हा वाटली.

५

नऊ टाके पडले, मनगटाला प्लास्टर. कपाटाचं दार लागलं, असं बसवेशनं दवाखान्यात सांगितलं आणि ते कुणालाही पटलं नाही. मनाच्या डॉक्टरांनी मात्र शांभवीचं सगळं ऐकून घेतलं. गोळ्या दिल्या, दोन महिने कोर्ट बंद, फाईल बंद, पक्षकारांचे फोन बंद. पिराजीमामांनी सगळ्यांना सांगायचं, मॅडम आजारी आहेत.

ती झोपली. खूप दिवसांनी पोटभर झोपली. नवऱ्याच्या कपाळावरची पट्टी बदलताना तिला रडू यायचं, आणि रडूनही बरंच वाटायचं. वही तिनं पुन्हा लिहिली नाही. फक्त एकदा, शेवटचं, उघडून आपल्या घराशी ताडून पाहिली. उत्तरेला खिडकी नाही. नळ गळत नाही. लहान मूल नाही. पोळपाट शाबूत. रक्त सांडलं ते भलत्याच बाजूला. मोजून अकरा विसंगती निघाल्या. अकरा विसंगतींवर तिनं फासाच्या दोरातून माणसं परत आणली होती. हे घर ते नव्हे. आरोप शाबीत होत नाही.

पण ते इथलं नाही, एवढं सिद्ध झाल्यावर मग ते कुठलं, हा प्रश्न तिच्या मनाला शिवलाही नाही. आरोपीच्या वकिलाला तो कधी विचारावाच लागत नाही. तिची एवढीच चूक झाली, आणि ती अठरा वर्षांच्या सवयीची होती.

६

गुरुवारी दुपारी पावणेतीनला पिराजीमामा घरी आले. चप्पल काढायच्या आधीच त्यांनी आपला मोबाईल पुढं केला.

"मॅडम, त्या उचगावच्या पोरीचं धा-बारा येळा फोन आलं. तुमी आजारी हाईसा म्हनून मी सांगत ऱ्हायलो. आज लई रडायलीय. बोला की जरा."

शांभवीनं फोन कानाला लावला. "बोल, क्रांती."

"मॅडम..." आणि त्या आवाजाच्या मागं, टप्.

शांभवीनं फोन कानाशी दाबला. "कुठं आहेस तू?"

"सासरी. सैपाकघरात."

"तिथं खिडकी आहे? उत्तरेला?"

"आं? बोळाच्या अंगाला हाय. का वं?"

"जाळी फाटलीय?"

"व्हय की. मीच बांधलीया दोरीनं."

"निळ्या?"

टप्. टप्. "तुमास्नी कसं ठावं?" क्रांती म्हणाली. आणि मग अगदी हळू, "मॅडम, मी पयलं पोलिसास्नी काय सांगितलं हुतं, त्येच त्यो रोज इचारतोय. सळई घिऊन बसतोय फुड्यात. मला न्ह्या हितनं. आला वाटतं..."

फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज आला, पण तो बंद झाला नाही.

त्या घराची बाहेरची खोली शांभवीला तोंडपाठ होती. आतल्या खोलीबद्दल त्या जुन्या पंचनाम्यात एकच ओळ होती, 'आत स्वयंपाकघर, तेथे काही मिळून आले नाही.'

गाडी मामांनी काढली. शांभवीच्या मांडीवर तो चालू फोन होता, स्पीकरवर. तिनं आपल्या फोनवरून पोलिसांचा एकशेबारा लावला.

"घटना घडलीय का, मॅडम?"

"नाही. घडणार आहे."

"कशावरून म्हणताय?"

"पत्ता लिहून घ्या," ती ओरडली. "लिहून घ्या आधी!"

तावडे हॉटेलच्या चौकात सिग्नल लाल होता. मामांनी तो तोडला. स्पीकरवर एका पुरुषाचा आवाज येत होता, चढलेला नाही, मास्तरांसारखा. काय सांगितलंवतंस? परत सांग. काय सांगितलंवतंस? मग लाकूड फुटलं. मग फरफट. मग क्रांती ओरडली ती "ताई" म्हणून ओरडली, मेलेल्या बहिणीला. त्यानंतर लोखंडाचा आवाज आला, आणि दर खेपेला तो जास्त ओला येत गेला. पिराजीमामा स्टेअरिंग धरून मोठ्यानं जोतिबाचं नाव घेत होते. शांभवी ओळी मोजत होती. पोळपाट. केस. भिंत. सगळं वहीतल्याच क्रमानं चाललं होतं.

मग फोनमधून फक्त थेंब ऐकू यायला लागला.

घराच्या दाराला कुलूप. ती बोळात पळाली. खिडकी होती, जाळी होती, निळी दोरी होती. तिनं दोरीच्या फटीला डोळा लावला.

दक्षिणेच्या भिंतीकडं तिनं बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. ओट्याखाली पातेल्याजवळ अनुजाची लेक बसली होती. पडणाऱ्या थेंबाखाली ती एक चमचा धरत होती, धुऊन बाजूला ठेवत होती, दुसरा घेत होती. चमच्यांखालची फरशी लाल होती. पोरीनं मान वर केली. खिडकीतला चेहरा बघून ती दचकली नाही.

"रोज सकाळी येतासा," ती म्हणाली. "आज उशीर केलासा."

७

राजवीर पळाला नव्हता. वर्कशॉपच्या बाकड्यावर सळई मांडीवर घेऊन बसला होता. पोलिसांनी त्याला जीपकडं नेलं, तेव्हा तो शांभवीजवळ थांबला. त्याच्या भुवईवर केसांचा एक तुकडा चिकटला होता.

"मॅडम, वकीलपत्र तुमच्याच नावानं हां. मागच्यागत करा."

तिनं त्याच्या तोंडावर मारलं. पायातली चप्पल काढून मारलं, आणि दोन शिपायांनी ओढेपर्यंत मारतच राहिली. अठरा वर्षांत तिनं एका पक्षकाराला अरे म्हटलं नव्हतं.

पंचनामा लिहायला आले ते हवालदार बाळासो. त्यांनी तिला ओळखलं, पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. दोन पंच उभे केले, पॅडवर कागद लावला. "घटनास्थळ कोण दाखवनार?"

"मी," शांभवी म्हणाली.

ती स्वयंपाकघराच्या दारात आली, खोलीकडं पाठ केली आणि सांगायला लागली. ओटा कुठं, पातेलं कुठं, पोळपाटाचे तुकडे कुठं, ठसा किती फुटांवर. बाळासो लिहीत होते, मधेच मान वर करून खोलीत बघत होते, परत लिहीत होते.

"मॅडम, वळून बघून तरी सांगा की."

"बघितलंय मी."

शेवटी त्यांनी वाचून दाखवलं. '...उत्तरेकडील भिंतीवर फरशीपासून दोन फुटांपर्यंत रक्त, ओले.'

त्यांनी घराचं तोंड पुन्हा पूर्वेला धरलं होतं. अशी चूक दिसली की वकिलानं गप्प बसायचं असतं. ती कागदात तशीच झोपू द्यायची, दोन-तीन वर्षं, आणि मग कोर्टात उठवायची. तिनं नाही उठवली तरी कुणीतरी उठवेल. उदयसिंह उठवतील. राजवीर परत या घरात येईल, आणि ही पोरगी मोठी होत जाईल.

"बाळासो, घराचं तोंड पश्चिमेला आहे," ती म्हणाली. "ही भिंत दक्षिण. दक्षिण लिहा."

त्यांनी पेन थांबवलं. मग 'उत्तर' खोडलं, वर 'दक्षिण' लिहिलं, आणि सगळ्या दिशा एकेक करून दुरुस्त केल्या.

"तुमास्नी म्हाईत हुतं," ते हळूच म्हणाले. "तवाबी म्हाईत हुतं. मी गेलतो ह्या घरात."

"हो," ती म्हणाली. "माहीत होतं."

तिनं सही केली. पोरीला तिची आजी येऊन घेऊन गेली, जाताना तिच्या मुठीत एक चमचा तसाच होता.

८

संध्याकाळी सहाला शांभवी घरी आली. कपाळाला पट्टी बांधलेला बसवेश एका हातानं कॉफी करत होता. तिनं मसाल्याच्या डब्यामागची वही काढली. जो शेवटचा मजकूर होता त्याच्यापुढचं पान उलटलं.

ते लिहिलेलं होतं. 'पूर्वेस दरवाजा, त्यातून आत आले. पश्चिमेस ओटा, त्यावर हिरवा मिक्सर, झाकण नाही. उत्तरेस पत्र्याचं फडताळ. मागील बाजूस नदी. आवाज: कुकरची शिट्टी, दुसरी.' तिनं बोट फिरवलं. शाई बोटाला लागली.

आपल्या स्वयंपाकघराकडं तिनं नजरसुद्धा वळवली नाही. तिनं फोन उचलला.

"मामा, आपण आजवर सोडवलेल्या माणसांची यादी काढा."

"कुठल्या सालापासनं, मॅडम?"

"पहिल्यापासून. ज्याच्या घरामागं नदी आहे ते आधी."

पलीकडं पानं उलटल्याचा आवाज येत राहिला. मग पिराजीमामा म्हणाले, "नदी तिघांच्या मागं हाय. एक कुरुंदवाडात, दोन हितं जवळच."

"मग तिघांकडं जायचं. गाडी घेऊन खाली या."

बसवेशनं कप पुढं ठेवला. ती उभीच होती, चपलाही पायातच होत्या. वहीतून की कुठून कोण जाणे, कुकरची बारीक शिट्टी आली. तिनं वही काखेत मारली आणि ती जिना उतरायला लागली. तिचा हात कापत नव्हता.